फॅट पाठ, प्रेशर माहीत नाही

सकाळी साडेसहाला आमच्या डेअरीवर उभं राहिलं की माणसं आकड्यांवर किती जीव टाकतात ते दिसतं. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. दारात म्हैस नसलेलं घर शोधावं लागेल. कॅन उतरतो, दुधाचा नमुना मशीनला लागतो, पडद्यावर आकडा येतो. काल सहा पॉईंट आठ लागलेली फॅट आज सहा पॉईंट दोन लागली, तर माणूस जागचा हलत नाही. परत लावा म्हणतो. पेंड बदलली का, वैरण ओली होती का, रेडकू जास्त प्यालं का, याचा तिथल्या तिथे पंचनामा होतो. हे दिवसातून दोनदा, वर्षाचे बारा महिने.

गेल्या वर्षी त्याच रांगेत मी जरा आगाऊपणा केला. पुढेमागे उभ्या असलेल्या सात-आठ जणांना विचारलं, तुमचं स्वतःचं प्रेशर किती असतं? सगळे चाळिशी ओलांडलेले. आकडा दोघांनाच सांगता आला. एक निवृत्त फौजी, दुसऱ्याची अँजिओप्लास्टी झालेली. बाकीच्यांतल्या एकाने किटलीचं झाकण लावता लावता उत्तर दिलं, "मला काय धाड भरलीया?"

आमच्या गल्लीतल्या नानांनाही धाड भरलेली नव्हती. बावन्नाव्या वर्षी, लागणीच्या उसाला पाणी पाजताना, बांधावरच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी काकूंना पहिला प्रश्न विचारला, "ह्यांना बीपी कधीपासून आहे?" काकू म्हणाल्या, "त्यांचं कधी साधं डोकंसुदिक दुखलं न्हाई." उत्तर खरं होतं. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, भूक मारत नाही, झोप मोडत नाही. तो किती वर्षं नानांच्या अंगात होता हे आता कुणालाच कळणार नाही, कारण मोजलेला आकडा कुठेच नव्हता. आता दूध घेऊन काकू येतात.

लांबच्या डोंगराळ भागातली ही गोष्ट असती तर दवाखाना दूर, रस्ता नाही, असं म्हणता आलं असतं. पण मिरज आमच्यापासून तासाभरावर. डॉ. वान्लेस यांनी तिथे १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्करोगाचं रुग्णालय आहे, वर कराडला मोठं रुग्णालय आहे. सांगली-साताऱ्यातल्या मध्यमवयीन पुरुषाला डॉक्टर मिळत नाही, असं म्हणायची सोय नाही. तो आडवा होऊन रुग्णवाहिकेतून तिथे पोचतो. प्रश्न इतकाच आहे की उभा असताना का पोचत नाही.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे पुरुष बेफिकीर असतात, आडमुठे असतात, त्यांच्यात जागृती नाही. मला हे उत्तर पटत नाही. ज्या द्राक्षबागायतदाराला मी बेफिकीर म्हणू, तो तासगावच्या शिवारात छाटणीनंतर ठरलेल्या दिवशी पान-देठ परीक्षणाला देठं पाठवतो, माती तपासतो, पाण्याचा क्षार तपासतो आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय खताची गोणी उचलत नाही. म्हशीला लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी टोचून घेतो. न दिसणाऱ्या गोष्टी आधी तपासून ठेवाव्यात ही अक्कल त्याला कुणी शिकवायला नको. ती तो स्वतःच्या अंगाला लावत नाही, आणि त्यामागे त्याची कारणं आहेत.

पहिलं कारण भीती. "कशाला उकरून काढायचं?" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ती एक पक्की विचारसरणीच आहे असं मी धरून चालतो. त्यात थोडं तथ्यही आहे. आकडा कागदावर आला की तो घरात येतो. बायको ताटातलं मीठ काढते, पोरगा पुण्याहून फोन करून झापतो, हंगामात ट्रॅक्टर कोण चालवणार ही चर्चा सुरू होते. पोरीचं लग्न ठरायचं असेल तर "बापाला साखर आहे" हे चारचौघांत नको वाटतं. घराचा कर्ता म्हणून ज्याची किंमत त्याच्या अंगमेहनतीवर ठरते, त्याला 'पेशंट' हा शब्द पदावनतीसारखा लागतो. मी भीत नाही, असं जो जास्त जोरात सांगतो त्याच्या पोटात गोळा मोठा असतो, हा माझा अनुभव. स्वतःचाच अनुभव, पण तो पुढे सांगतो.

दुसरं कारण गोळीचं. "एकदा गोळी सुरू झाली की जन्मात सुटत नाही," म्हणून सुरूच करायची नाही. यातली गंमत अशी, की चष्म्याबद्दल असं कुणी म्हणत नाही. चष्मा लागला की डोळ्यांना सवय लागते म्हणून ठेचकाळत चालणारा माणूस मी पाहिलेला नाही. गोळी सुटत नाही कारण वाढलेलं प्रेशर स्वतःहून बहुधा परत जात नाही. वजन उतरवलं, मीठ आणि दारू कमी केली तर काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, पण ते डॉक्टरने मोजून ठरवायचं असतं. गोळीला भिऊन जे वाचवतो ते पुढे कसं द्यावं लागतं, ते डायलिसिसच्या खोलीत जाऊन पाहावं. तिथल्या खुर्च्या भरण्यामागे सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे साखर आणि प्रेशर. आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी तीन-चार तास. वर्षातला अर्धा तास ज्याला काढता आला नाही, त्याला आता आठवड्यातले दोन-तीन दिवस काढावे लागतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. आपली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था मुळात आई आणि मूल यांच्यासाठी उभी राहिली. ते योग्यच होतं; बाळंतपणात बायका मरत होत्या. पण त्याचा एक परिणाम असा झाला की बाईच्या आयुष्यात पहिल्या गरोदरपणापासून नर्सबाई येते, आशाताई येते, कार्ड निघतं, दर भेटीला दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला जातो, रक्त-लघवी तपासली जाते. पंचविशीपर्यंत गावातल्या बहुतेक बायकांचं प्रेशर कुणीतरी मोजलेलं असतं. पुरुषाला असा प्रसंगच येत नाही. शाळेतल्या तपासणीनंतर त्याच्या दंडाला पट्टा लागतो तो थेट छातीत कळ आल्यावर. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत व्यवस्थेची आणि त्याची गाठच पडत नाही. कुटुंबनियोजनाचं बघा ना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती आणि पुरुष नसबंदीचा आकडा होता ०.३ टक्के. दवाखान्याची पायरी घरातर्फे बाईनेच चढायची, हा रिवाज दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

त्याच पाहणीचे, म्हणजे २०१९ ते २१ या काळातले आणखी काही आकडे इथे सांगायला हवेत. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २१.३ टक्के. रक्तातली साखर वाढलेले पुरुष १५.६ टक्के, स्त्रिया १३.५ टक्के. तंबाखूचं कुठलंही रूप वापरणारे पुरुष ३८ टक्के, स्त्रिया ८.९ टक्के. म्हणजे धोका ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडेच व्यवस्था कमी पोचलेली. शिवाय हृदयविकाराच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं की आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, जगात इतरत्र ५९ व्या वर्षी. ही सहा वर्षं म्हणजे आमच्याकडे पोरीचं लग्न, पोराचं कॉलेज आणि सोसायटीच्या कर्जाचे शेवटचे हप्ते.

कागदावर सोय आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगासाठी मोफत तपासणी व्हावी, आशाताईंनी घरोघरी जाऊन फॉर्म भरावा, असं ठरलेलं आहे. फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार असे प्रश्न असतात. पण आशाताई येतात सकाळी अकराला. तेव्हा गडी शेतात, कारखान्यावर किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत. मग त्याच्या वतीने बायको सांगते. ती नवऱ्याच्या कमरेचा घेर अंदाजाने सांगते आणि दारूच्या रकान्यापाशी आशाताई स्वतःच नजर खाली घालून पुढे सरकतात. उपकेंद्रात तपासणीच्या दिवशी जाऊन पाहा. ओसरीवर नऊवारी आणि गाऊन दिसतील, विजार एखादीच. ऊसतोडीला आलेला बीडकडचा गडी तर या कुठल्याच यादीत नीट बसत नाही. निम्मं वर्ष तो इथल्या फडात असतो, निम्मं तिकडे घरी.

मोहिमा होतात, नाही असं नाही. २०२२ च्या नवरात्रात राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' झाली. पुढच्या वर्षी अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे' मोहीम निघाली. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा देशभर स्त्रियांसाठी अभियान झालं. पुरुषांची मोहीम कुणाला आठवते का हे मी गावात विचारून पाहिलं. नाही आठवत. पंधरवड्याचा मांडव उठला की विषय संपतो आणि प्रेशर पंधरवड्याने उतरत नाही.

आता रांगेतल्या त्या निवृत्त फौजीकडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा त्याच्यापाशी आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारख्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. आमच्याकडेही घराघरांत कुणीतरी फौजेत असतो. फौजीची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते. कान, डोळे, हात-पाय, मन, शरीराची क्षमता, सगळ्याची श्रेणी लागते. 'शेप-वन', म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, हा शब्द आमच्या गावात बायकांनाही माहीत आहे. हाच फौजी, हेच रक्त, हीच मिशी. त्याला कधी कुणी जागृतीपर पथनाट्य दाखवलं नाही. तपासणी हा नोकरीचा भाग होता, म्हणून तो गेला. त्यात बायकीपणा नव्हता, दुबळेपणा नव्हता, उलट शेप-वन हा मान होता. आणि त्याचा सख्खा भाऊ, जो शेती करतो, तो पन्नाशीला आला तरी कोराच. एकाच आईच्या दुधावर वाढलेल्या दोघांत हा फरक कुणाच्या स्वभावाने पडला असं कोण म्हणेल?

दुसरं उदाहरण कारखान्याचं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांची घडी साखर कारखान्यांवर बसलेली आहे. गळीत हंगाम संपला की कारखाना खोलतात. रोलर निघतात, टर्बाईन उघडतं, नळ्या साफ होतात. आणि बॉयलरचा तर १९२३ पासून कायदाच होता: प्रमाणपत्र फार तर बारा महिन्यांचं, त्यानंतर निरीक्षकाने पुन्हा तपासल्याशिवाय पेटवायचा नाही. दाब किती सहन करतो हे पाहिल्यावरच दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपनाचा नारळ फुटतो. त्या बॉयलरसमोर आठ तासांची पाळी करणाऱ्या माणसाच्या धमन्यांतला दाब मात्र कितीतरी ठिकाणी कुणी पाहिलेला नसतो. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांसाठी कारखाना कायद्यात वार्षिक तपासणीची तरतूद १९८७ च्या दुरुस्तीपासून होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनंतर चाळिशीपुढच्या कामगाराला मालकाने वर्षातून एकदा मोफत तपासणी द्यायची, असं केंद्र सरकारने जाहीर केलंय. चांगलं पाऊल आहे. पण आमचा निम्म्याहून जास्त पुरुष कुणाचा कामगार नाही. तो स्वतःच मालक, स्वतःच गडी. त्याच्यासाठी ही तपासणी कोण लावणार?

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पुरुषांना तपासणीचं महत्त्व पटवण्याचा उद्योग बाजूला ठेवावा आणि तपासणी जिथे पुरुष रोज उभा असतो तिथे नेऊन ठेवावी. डेअरी, सोसायटी, कारखान्याचं गट कार्यालय, तालीम, सलून, रिक्षा थांबा. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या केस कापायच्या दुकानांत असा प्रयोग झाला. २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाईकाचं प्रेशर मोजायचं आणि औषधशास्त्र जाणणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथेच औषध द्यायचं. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. ज्या दुकानांत न्हाव्याने नुसता डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला, तिथे ९ ने. आपल्याकडचे कायदे वेगळे, औषध देण्याची रीत वेगळी, हे मान्य. पण जागा कुणाची आहे यावर पुरुषाचं वागणं ठरतं, एवढं त्यातून घेता येईल.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो डावलून पुढे जाणं बरोबर नाही. सरसकट आरोग्य तपासण्यांनी माणसं जास्त जगतात का, याचा २०१९ मध्ये एक मोठा आढावा आला. सतरा चाचण्या, अडीच लाखांवर माणसं. निष्कर्ष असा की सरसकट तपासण्यांमुळे मृत्यूचं प्रमाण घटलेलं दिसत नाही. मग हा खटाटोप कशाला? मी याचा अर्थ असा लावतो. ते अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतले, जिथे बहुतेकांना नेहमीचा डॉक्टर असतो आणि तो सर्दीला गेलात तरी प्रेशर बघतो. तिथे वेगळ्या तपासणीने नवं फारसं सापडत नाही. आमच्याकडे सर्दीला गेलात तर सुई मिळते, फार तर सलाईन. दुसरं म्हणजे नुसतं शोधून काही होत नाही. शोधल्यावर गोळी मिळाली, ती घेतली, महिन्याने पुन्हा आकडा बघितला, तरच फायदा. आणि तिसरं, काय तपासायचं हे कळायला हवं.

या तिसऱ्या बाबतीत सध्या जो बाजार मांडलाय त्याची मला चीड येते. बहात्तर चाचण्या, नऊशे नव्व्याण्णव रुपये, घरी येऊन रक्त नेणार. मार्च आला की करबचतीच्या आमिषाने अशा पॅकेजांच्या जाहिराती मोबाईलवर येऊन आदळतात. जुन्या करपद्धतीत प्रतिबंधक तपासणीला पाच हजारांपर्यंत वजावट आहे, हे खरं. पण रिपोर्टाची बारा पानं हातात येतात, त्यातले तीन आकडे लाल असतात आणि ते समजावून सांगायला कुणी नसतं. माणूस आठ दिवस घाबरतो, मग रिपोर्ट देव्हाऱ्यामागे जातो. आणि बहात्तर चाचण्यांत दंडाला पट्टा बहुधा लावलेलाच नसतो, कारण रक्त न्यायला आलेल्या पोराचं ते काम नसतं. प्रोस्टेटची पीएसए तपासणीही असाच सर्रास घातलेला आकडा. ती करायची की नाही हे पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात डॉक्टरशी बोलून ठरवावं आणि सत्तरीनंतर नेहमीची म्हणून करूच नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये सांगितलंय. लघवीला त्रास होत असेल, रक्त जात असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती तपासणी राहत नाही, निदान होतं.

तिशी-चाळिशीतल्या साध्या माणसाला खरोखर लागतं ते फार थोडं आणि फार स्वस्त. रक्तदाब, तो १४०/९० च्या वर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला तर डॉक्टर. उपाशीपोटीची साखर; १२६ किंवा वर असेल तर पुन्हा तपासून मधुमेह नक्की करायचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी साडेसहाच्या खाली असायला हवी आणि ५.७ च्या पुढे गेली तरी सावध. कमरेचा घेर, तो ९० सेंटिमीटरच्या आत. कधीतरी कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन. आणि तोंड.

तोंडाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि आमच्या भागात मावा ही दुपारच्या चहाइतकी साधी गोष्ट आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे पानपट्टीवर उभं राहिलेल्याला सांगायला नको. तोंड तपासायला यंत्र लागत नाही. एक बॅटरी, एक प्रशिक्षित माणूस, दोन मिनिटं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून हे हजारो लोकांवर करून पाहिलं गेलं. आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड पाहायचं, शंका आली तर डॉक्टरकडे पाठवायचं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. आपल्याच देशातला हा पुरावा, आणि आपण तरी विचारतो की तपासून काय होतं.

शोधल्यावर पुढे काय, याचा धडा तर शेजारच्या साताऱ्यातच गिरवला गेलाय. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले जे पहिले चार जिल्हे निवडले त्यात सातारा होता. त्यात चमत्कार काही नव्हता. सगळ्या दवाखान्यांत एकच ठरलेली औषधांची पायरी, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड, तारीख चुकली की फोन. डेअरीचा सचिव दहा दिवसांचं बिल जसं चुकवत नाही, तसं. ही शिस्त आपल्याला जमते. ती पुरुषाच्या वाटेवर आणून ठेवणं एवढंच राहिलंय.

इथे आणखी एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. तपासणीच्या जाहिरातीत हल्ली गोड आवाजात आवाहन असतं की घरच्या लक्ष्मीने आपल्या माणसाला तपासणीला आणावं. का म्हणून? तिने म्हशीची धार काढायची, पोरांचे डबे भरायचे, स्वतःचं रक्त कमी असलेलं अंगावर काढायचं आणि वर साडेपाच फुटांच्या बाप्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायचं? आमच्या काकूंनी नानांना दोनदा म्हटलं होतं. दोनदा शिव्या खाल्ल्या. आज लोक हळहळून काकूंनाच विचारतात, "तुम्ही आधी कसं न्हाई दावलं?"

आता माझी गोष्ट. २०१९ मध्ये, मी चव्वेचाळीस वर्षांचा असताना, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिरात गेलो. आमच्याकडे रक्तदानाला पुरुषांची रांग लागते, हेही लक्षात घ्या. सुईला न भिणारे हेच ते. माझ्या दंडाला पट्टा लावला. पोराने दोनदा मोजलं आणि म्हणाला, "काका, एकशे अठ्ठावन्न-शंभर आहे, आज घेता येणार नाही. पुढच्या वेळी या." चहा दिला, बिस्किटाचा पुडा दिला, टोपीही दिली. कागद दिला नाही. मी घरी सांगितलं की गर्दी होती म्हणून परत आलो. दोन वर्षं तो आकडा मी कुणालाही सांगितला नाही, स्वतःलासुद्धा नाही. मग जवळचं वाचायला त्रास होतो म्हणून चष्म्याला गेलो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघता बघता सहज विचारलं, "प्रेशरची गोळी चालू आहे ना?" आता आहे. सकाळी सातला, डेअरीवरून आल्यावर.

खोटं मी बोललो, दोष माझाच. तरी त्या शिबिरातून त्या दिवशी माझ्यासारखे पाच-सहा जण टोपी घालून परत गेले असतील. हजार शिबिरं होतात, लाखभर दंडांना पट्टा लागतो. पुरुषांची इतकी मोठी तपासणी आपल्याकडे दुसरी कुठली होत असेल असं वाटत नाही, आणि तिचा निकाल चहासोबत पिऊन टाकला जातो. रक्त नाकारलेल्या प्रत्येकाच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि त्याची संमती असेल तर उपकेंद्राच्या यादीत नाव, एवढं सक्तीचं करायला कुठलाही नवा निधी लागत नाही.

आमच्या डेअरीत आम्ही दिवाळीनंतर प्रेशरचं मशीन आणून ठेवलं, संस्थेच्याच नफ्यातून. पहिले आठ दिवस त्यावर सरकीच्या पेंडेची पोती पडून होती. मग सचिवाला एक युक्ती सुचली. ज्याने मोजलं त्याचा आकडा त्याने फॅटच्या स्लिपवर खाली पेनने लिहायला सुरुवात केली. झालं, आकडा आला म्हटल्यावर चुरस आली. "तुझं किती लागलं?" "एकशेचौसष्ट." "माझं एकशेसत्तर, तुझ्यापेक्षा जास्त हाय," असं एकाने छाती फुगवून सांगितलं, आणि त्याला जास्त म्हणजे चांगलं नव्हे हे समजावताना फौजी हवालदाराची दमछाक झाली. आपलं म्हणणं पटावं म्हणून त्याने शेवटी फॅटचाच दाखला उलटा करून दिला: हे आकडे उतरले तर बोनस. जास्त आलेले अकरा निघाले. त्यातले चार जण उपकेंद्रात जाऊन गोळी घेऊन आले. तिघं मशीनच खराब आहे म्हणतात. बाकीचे चार सध्या संध्याकाळच्या पाळीला दूध घालायला पोरांना पाठवतात.

काकू रोज मोजून घेतात. त्यांचं एकशेचोवीस लागतं. स्लिप त्या घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवतात आणि घरी गेल्यावर नानांना वाचून दाखवतात, आधी फॅट, मग प्रेशर.